कागदाची चोळी

भिंगरी मास्तरांना खुर्चीवर बसलेलं पाहिलंय असं सांगणारा माणूस महाडात निघालाच, तर तो थापा मारतोय असं खुशाल समजा. मी त्यांच्या शेजारच्या वर्गात तीन वर्षं मुलींना शिवण शिकवलं, मी नाही पाहिलं. चित्रकलेचा तास ते खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत चालत घ्यायचे. चहा उभ्याने, हजेरी उभ्याने. हेडमास्तरांनी "बसा" म्हटलं की "हो हो" म्हणून खुर्चीच्या पाठीवर हात ठेवायचे आणि तिथेच उभे राहायचे. मुलांनी नाव ठेवलं भिंगरी मास्तर, आणि ते इतकं चपखल बसलं की त्यांचं खरं नाव घेऊन कोणी चौकशीला आलं तर आम्हीच एकमेकांच्या तोंडाकडे बघायचो.

मूळचे ते पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या एका वाडीचे. वडील डोंगरउताराच्या वरकस जमिनीत नाचणी-वरी करायचे, दोघे भाऊ मुंबईला गिरणीत. हेही मुंबईला गेले, चित्रकलेच्या परीक्षा दिल्या, काही वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या आणि एक दिवस सगळं सोडून आमच्या शाळेत आले. "इथं किती दिवस आहात?" असं कोणी विचारलं की म्हणायचे, "बघू. उद्या-परवा निघतो." त्यांचं हे उद्या-परवा तीन वर्षं चाललं होतं. रविवारी सकाळी उठून दासगावापर्यंत पायी जायचे, खाडीवरच्या होड्या बघायला म्हणून, आणि जेवणाच्या वेळेला परत. मी विचारायचे, "काय पाहिलंत?" तर म्हणायचे, "पोचलो, बाई, आणि वाटलं आता निघावं." अशा माणसाला काय म्हणणार तुम्ही?

येताना त्यांनी मुंबईहून चार पुस्तकं आणली होती. पदपथावरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगातून उचललेली, धोतरात गुंडाळून एसटीच्या टपावर न टाकता मांडीवर धरून आणलेली. (बघा, मांडीवर म्हणजे तेव्हा बसले असणार. पण ते महाडच्या हद्दीबाहेर.) एक फोटोंचं होतं, एक परदेशी कपड्यांच्या फॅशनचं, एक खुर्च्या-टेबलं-किटल्यांच्या घडणीचं, आणि चौथं, सगळ्यांत जाड, रंगीत चित्रांचं. तसला कागद आम्ही पाहिलेला नव्हता. गुळगुळीत, जड, चकचकीत. बोट ठेवलं तर घसरायचं. महाराष्ट्र राज्य व्हायला अजून दोन-तीन वर्षं होती, गावात रंगीत चित्र म्हणजे कॅलेंडरावरचे देव.

दुसरा कोणी असता तर पुस्तकं ट्रंकेत घालून वर कुलूप लावलं असतं. मास्तरांनी एका कासाराकडून बांगड्या मांडायची जुनी काचपेटी मागून आणली आणि बाजारपेठेत एका वखारीच्या माडीवर जे छोटं वाचनालय चालायचं, तिथं नेऊन ठेवली. पेटीत एक पुस्तक उघडं ठेवायचं. रोज सकाळी शाळेच्या आधी यायचं, तांब्यातल्या पाण्याने हात धुवायचे, खसाखसा पुसायचे, वाळेपर्यंत माडीवर चार फेऱ्या मारायच्या आणि एक पान उलटायचं. दिवसाला एकच. पुस्तक संपलं की दुसरं. आणि नियम एकच, तो त्यांनी स्वतःच्या सुरेख अक्षरात लिहून पेटीवर लावला होता: पान टाळायचं नाही.

मला हे कोडं होतं. ज्याला घोटभर चहासाठी दम निघत नाही त्याने दिवसाला एक पान कसं सोसावं? एकदा विचारलंच. म्हणाले, "एकटा असलो ना, बाई, तर अख्खं पुस्तक एका दमात उलटतो आणि काही म्हणता काही बघत नाही. गाव समोर आहे म्हणून थांबतो. लाजेनं थांबतो म्हणा ना."

हळूहळू गावाला त्याची चटक लागली. "आज कुठलं पान?" हे लोक एकमेकांना बाजारात विचारू लागले. घडणीच्या पुस्तकात वाकवलेल्या नळीची एक खुर्ची होती, पुढे दोन पाय आणि मागे काहीच नाही. ते पान उघडं होतं त्या दिवशी एक म्हातारा सुतार वर आला, काचेला नाक लावून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "मास्तर, ह्याचे मागचे पाय कुठं हायत?"

"नाहीतच, बाबा."

"मग मानूस पडंल नाय?"

"पडत नाही. म्हणून तर छापलंय."

सुतारबाबा तसेच निघून गेले. दुसऱ्या दिवशी पान उलटलेलं बघून मास्तरांशी कडाकडा भांडले, त्यांचं बघून व्हायचं होतं म्हणे.

फॅशनच्या पुस्तकाने तर कहर केला. बायका माझ्याकडे पोलकं शिवायला टाकताना म्हणायच्या, "बाई, सत्तावीस पानाची बाही करा." आमच्याकडे फुग्याची बाही नव्हती, सत्तावीसची बाही होती. एकीने लग्नाच्या मुलीसाठी एकतीसची कॉलर मागितली. एकतीसवर पुरुषाचा ओव्हरकोट होता, तिने पानाचा आकडा चुकीचा ऐकला होता. मी काही बोलले नाही, शिवून दिली, आणि चांगली दिसली हो मुलगी.

दुपारच्या वेळी बायकांना निवांत बघता यावं म्हणून बुधवारी दोन ते चार फक्त बायकांसाठी माडी ठेवलेली होती. तेव्हा पेटीची किल्ली माझ्याकडे असायची. बाजाराला आलेल्या डोंगरातल्या बायकाही वर यायच्या. जिन्यावर कोणीतरी एकदा "ही कोण, ती कोण" सुरू केलं तेव्हा मास्तर खालून आवाज चढवून म्हणाले होते, "चवदार तळ्याच्या गावात राहतो आपण. इथं कुणी कुणाला अडवलं तर पेटी उचलून मी एसटी स्टँडवर नेऊन ठेवीन." त्यानंतर कोणी अडवलं नाही.

आणि मग चौथं पुस्तक लागलं, चित्रांचं. श्रावण होता. पहिलीच दोन पानं बघून वाचनालयाचे अध्यक्ष, म्हणजे आमचे वकीलसाहेब, यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी पेटी उघडून घेतली आणि पुढची पानं चाळली. अकरा पानं पुढे एक बाई होती. ओढ्याकाठी उभी, अंगावर काही नाही, केस पिळत असलेली. ती दिसल्याबरोबर त्यांनी पुस्तक मिटलं. वकीलसाहेब दुष्ट नव्हते, हे मी मुद्दाम सांगते. त्यांनी मास्तरांना बोलावलं, चहा दिला आणि समजुतीने म्हणाले, "मास्तर, त्या दिवशी दोन पानं एकदम उलटा. एवढंच."

मास्तर म्हणाले, "पान टाळायचं नाही."

"मग पेटी बंद होईल. शाळेलाही मला कळवावं लागेल. माझ्याही घरात मुली आहेत."

दहा दिवस उरले होते. ते दहा दिवस मी विसरणार नाही. मास्तर मुळातच पाऱ्यासारखे, आता तर एका जागी दिसेनात. मधल्या सुट्टीत नदीवर जाऊन यायचे. तास घेता घेता वर्गाबाहेर जायचे आणि मुलं वाट बघत राहायची. गावात दोन तट पडले. रोज सकाळी माडीवर माणसं वाढायला लागली, आणि आजचं पान बघायला कोणी येत नव्हतं, आता किती राहिली ते मोजायला येत होते. मला धड जेवण जाईना. या माणसाची नोकरी जाणार, पेटी जाणार, आणि हा आपला हात धुऊन पान उलटतोय. मला त्यांचा राग येत होता. राग कसला, जीव होता माझा त्यांच्यावर; आता या वयात लपवून काय करायचंय? त्यांना तो कळला होता की नाही, देव जाणे.

शेवटचे तीन दिवस राहिले तेव्हा मी शाळेच्या व्हरांड्यात त्यांना गाठलं. म्हटलं, "मास्तर, टाळू नका. पण थोडं झाकलं तर? एका दिवसापुरतं."

ते चालता चालता थांबले आणि हसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "म्हणजे तुम्ही तिला चोळी शिवणार?" असं म्हणाले आणि पुढे निघून गेले.

ते थट्टा करत होते. मला वाटलं, हो म्हणाले. म्हणजे असं, की मला हो ऐकायचं होतं.

बुधवार आला. बायका चार वाजता गेल्या. मी किल्लीने पेटी उघडली, उद्याचं ते पान उघडलं आणि बाईच्या मापाची चोळी कापली, बेतायच्या पातळ कागदाची. खाली कमरेभोवती गुंडाळायला एक पट्टी. तांदळाच्या पेजेची खळ मी घरून वाटीत नेली होती. माझा हिशेब सरळ होता: खळ म्हणजे काय, कपड्याला लावतो, पाण्यात घातली की निघते. उद्याचा दिवस जाऊ दे, परवा ओल्या फडक्याने पुसून चोळी काढून घेऊ, चित्र जसंच्या तसं. जन्मभर कापडच हाताळलेलं, दुसरी अक्कल येणार कुठून?

आणि त्याहून वेडेपणा सांगते. त्या कागदाच्या चोळीला मी टक घेतले. छातीखाली दोन्हीकडे, नीट दुमडून, खळीने बसवलेले. चित्र ते, चपटं; त्याला टक कशाला हवेत? पण हाताला सवय. चोळी कापली की टक घ्यायचे. चिकटवून झाल्यावर मी लांबून बघितलं आणि मला इतकं बरं वाटलं, चांगली बसली होती. मग पुस्तक मिटून, पुन्हा त्या दिवसाचं पान उघडून ठेवलं आणि घरी गेले.

त्या चकचकीत कागदाला ओल चालत नाही, हे मला माहीत नव्हतं. श्रावणातली हवा, त्यात टकांमध्ये साठलेली खळ, त्यावर तसलंच दुसरं जड पान रात्रभर दाबून बसलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माडीवर उभं राहायला जागा नव्हती. वकीलसाहेब पुढे होते. मीही गेले; मास्तर पान उलटतील, झाकलेली बाई बघून एकदा माझ्याकडे बघतील, हसतील, संकट टळेल, असं मनात धरून गेले. मास्तरांनी हात धुतले, पुसले. फेऱ्या मारायला जागा नव्हती म्हणून जागच्या जागी पाय हलवत राहिले. मग पान उलटायला गेले तर पान येईना. दोन पानं एकमेकांना धरून बसली होती. त्यांनी फुटपट्टी मागितली, ती मध्ये सरकवली, आणि अगदी हलक्या हाताने, मी त्यांना इतकं हळू काही करताना कधी पाहिलं नव्हतं, ओढलं. चर्र असा आवाज झाला. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

बाईचं तोंड राहिलं होतं, पिळलेले केस राहिले होते, पाय राहिले होते. मधलं सगळं अंग सोलून निघालं होतं, खाली पांढरा खरखरीत कागद. आणि समोरच्या पानावर माझी चोळी, चित्राची कातडी घेऊन चिकटलेली.

 मास्तर खाली वाकले आणि त्यांनी ते टक बघितले. बोटाने एका टकावरून हात फिरवला. मला कळलं की यांना कळलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात वकीलसाहेब म्हणाले, "फाटलं ते वाईट झालं, मास्तर. पण तुम्ही ऐकलंत, झाकलंत, हे मोठं केलंत."

मास्तर सरळ उभे राहिले. त्या वेळी त्यांचे पायसुद्धा हलत नव्हते. म्हणाले, "हो. मीच झाकलं."

आणि मी गप्प राहिले. भरल्या माडीवर मी शिवणाच्या बाईने बोलायला हवं होतं, मी नाही बोलले. माझी नोकरी, माझं नाव, घरात भाऊ-वहिनी, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं, आणि मी पदर सावरत उभी राहिले.

त्यानंतर गाव त्यांच्याशी गोड वागायला लागलं, हे फार वाईट. ज्यांनी त्यांची बाजू घेतली होती ते म्हणायचे, शेवटी घाबरले बरं का मास्तर. ज्यांनी विरोध केला होता ते त्यांना चहाला बोलवायचे. पेटी राहिली, नोकरीही राहिली. फक्त मास्तरांनी दुसऱ्या दिवशी पान उलटलं नाही. तिसऱ्या दिवशी नाही. ती सोललेली बाई काचेखाली तशीच, आणि मास्तर माडीवर येईनातच. त्यांना कोणी टोचून बोललं की हसायचे. मी दोनदा त्यांच्याशी बोलायला गेले, दोन्ही वेळा "येतो हं, बाई" म्हणून निघून गेले.

पंधरवडा झाला असेल. सकाळी कळलं की मास्तरांनी राजीनामा दिलाय आणि ते स्टँडवर आहेत. मी तास टाकून धावले. एक ट्रंक, बगलेत छत्री, गाडीच्या पुढून मागे, मागून पुढे चालले होते. मी म्हटलं, "मास्तर, मी सगळ्यांना सांगते. आत्ता सांगते. मी केलं म्हणून."

"सांगू नका." त्यांची बोली एकदम वाडीची झाली. "माझी नोकरी आज ना उद्या मीच सोडनार होतो. माझे पाय कुठं थारतात? तुमचं तसं नाय."

"रागावलात माझ्यावर?"

"राग नाय." मग थोडं चालून परत आले. "टक चांगले घेतले होते, बाई." आणि मग डोळ्यांत बघून विचारलं, "तुम्हाला ते चित्र वाईट वाटलं होतं?"

मी म्हटलं, "नाही. मला तुमची भीती वाटत होती. तुमचं काय होईल याची."

"मग एक दिवस थांबायचं ना," ते म्हणाले. "लोकांनी बघून तर घ्यायला हवं होतं. शिव्या घातल्या असत्या, पन बघून घातल्या असत्या."

पुस्तकं? मी विचारलं. पुस्तकं गावाची, म्हणाले, किल्ली तुमच्याकडे आहेच. गाडी मुंबईची होती. पुढे कोणी म्हणायचं ते तिकडे छापखान्यात आहेत, कोणी म्हणायचं कोल्हापूरला पडदे रंगवतात. पत्ता कोणाकडेच नव्हता. पोलादपूरला त्यांच्या वाडीवर मी चौकशी करवली, तर घरच्यांनी उलट मलाच विचारलं.

मास्तर गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी माडीवर गेले, हात धुतले, पुसले आणि पान उलटलं. कोणी सांगितलं नव्हतं आणि कोणी अडवलंही नाही. रोज उलटत राहिले. पहिली उघडी बाई दिसल्यावर वकीलसाहेबांनी घाईने पुस्तक मिटलं होतं ना, त्यामुळे महिनाभराच्या पानांनी पुढे दुसरी आहे हे त्यांना माहीतच नव्हतं. मला होतं, चोळीच्या दिवशी मी पुढची पानं चाळली होती. ते पान जसजसं जवळ येत गेलं तसतशी माझी अवस्था काय झाली असेल ते सांगत नाही. मधल्या सुट्टीत मीसुद्धा नदीवर जायला लागले होते.

नवरात्राच्या आधीचा आठवडा, बाजाराचा दिवस. मी ते पान उघडलं. ही बाई दगडावर पाठमोरी बसलेली, मान वळवून बघणारी, अंगावर सुताचा धागा नाही. आणि मी शाळेत न जाता पेटीजवळच उभी राहिले. निरोप गेला असणार, नऊच्या सुमारास वकीलसाहेब जिना चढून वर आले. पान बघितलं. काही बोलायच्या आत मी म्हटलं, "हे मी उघडलंय. आणि मागच्या वेळची चोळीही मीच चिकटवली होती. मास्तरांनी नाही. काय कळवायचं ते शाळेला कळवा."

वकीलसाहेबांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "मला माहीत होतं, बाई. माझ्या मुली तुमच्याच हाताखाली शिकतात. त्यांनी घरी येऊन त्याच दिवशी सांगितलं, हे टक आमच्या बाईंच्या हातचे आहेत."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"मास्तर हो म्हणाले," ते म्हणाले. "आणि तुम्ही गप्प होतात."

मी रडले. मास्तर गेले तेव्हा रडले नव्हते इतकी त्या माडीवर वकीलसाहेबांसमोर रडले. ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. पोलादपूरकडच्या डोंगरातली एक म्हातारी, काकड्यांची पाटी खाली ठेवून वर आली होती. वकीलसाहेबांना बघून दारात बिचकली. मी डोळे पुसले आणि म्हटलं, "या, आजी. बघा." ती पुढे आली, काचेवर दोन्ही हात टेकले आणि बघत राहिली. वकीलसाहेब तिच्याकडे बघत होते, मीही. 

"न्हाऊन बसलेय जनू," ती म्हणाली. मग आणखी वाकून बघितलं. "खांदे बघ गो कसे आकसलेत. पानी गार असंल." मग तिने विचारलं, "हिच्या घरचं कोन नाय? कवाची बसलेय."

 म्हातारीने आणखी एकदा बघून घेतलं, पदर डोक्यावर ओढला आणि काकड्या विकायला खाली गेली. वकीलसाहेब तिच्यामागून निघाले, पेटी बंद करा असं म्हणाले नाहीत. ते पान त्या दिवशी संध्याकाळपर्यंत उघडं होतं, आणि मला एकच सारखं वाटत होतं, आत्ताच्या आत्ता कुणीतरी जाऊन मास्तरांना हे सांगा.